घराचं पथ्य

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस दवाखान्यातून घरी निघतो तेव्हा त्याच्या हाती डिस्चार्ज कार्ड असतं. वर गोळ्यांची यादी आणि खाली चार ओळी: तेल-तूप कमी, मीठ कमी, तंबाखू बंद, रोज चालणे. नांदेडच्या डॉक्टर लेनमधून निघालेला असो, विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयातून सुटलेला असो, लातूरहून गावी जाणारा असो की हैदराबादेहून परतणारा असो, मजकूर थोड्याफार फरकाने हाच. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. अडचण निराळीच आहे. या चार ओळी सांगितलेल्या असतात एका माणसाला आणि पाळायच्या असतात पाच-सहा जणांच्या घरात. कढईत तेल किती ओतायचं हे बहुतेक वेळा तो ठरवत नाही. वाण्याकडून पामतेल आणायचं की करडईचं, वरणात मीठ किती, रात्रीची जेवणं किती वाजता, टीव्ही कधी बंद होतो, हे सगळं घराच्या सवयीने चालतं. झटका एकाच्या छातीत येतो, पण तो ज्या राहणीतून आला ती राहणी सगळ्यांची असते. म्हणून माझं म्हणणं असं, की झटक्यानंतरचं पथ्य घराला लावलं पाहिजे. एकट्याने धरलेलं पथ्य महिन्या-दोन महिन्यांत मोडतं; घराने धरलेलं टिकतं.

पथ्याची गरजच काय, हा प्रश्न आधी निकालात काढला पाहिजे, कारण तो घरोघरी विचारला जातो. अँजिओप्लास्टी झाली की ‘जाळी बसवली, आता काळजी नाही’ असं सगळे धरून चालतात. झटक्याच्या वेळी जाळी जीव वाचवते, याबद्दल वाद नाही. पण ती एका वाहिनीतली एक अरुंद जागा मोकळी करते. वाहिन्यांच्या आतल्या थरात चरबी साचण्याचं काम वीस-तीस वर्षं चाललेलं असतं आणि ते एकाच जागी झालेलं नसतं. झटक्यात मेलेल्या हृदयाच्या स्नायूच्या जागी साधारण सहा आठवड्यांत वण धरतो. तो वण आकुंचन पावत नाही, त्याच्या वाटचं काम उरलेल्या स्नायूला ओढावं लागतं. ४१ देशांतल्या १८ हजारांहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. हृदयाचं तीव्र दुखणं येऊन गेल्यावर महिनाभराने कोण धूम्रपान सोडून आहे, कोण आहार आणि व्यायाम पाळतं आहे, याची त्यात नोंद केली होती. ज्यांनी ओढणं चालू ठेवलं आणि आहार-व्यायामही धरला नाही, त्यांना सहा महिन्यांच्या आत पुन्हा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका, कधीच न ओढलेल्या आणि पथ्य पाळणाऱ्या रुग्णांच्या ३.८ पट निघाला. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या तर बहुतेक सगळेच घेत होते. म्हणजे जाळी आणि गोळ्या यांच्यापलीकडे राहणीचं म्हणून एक स्वतंत्र वजन आहे, आणि पहिल्या महिन्यातच ते कोणत्या पारड्यात पडणार हे बरंचसं ठरून जातं.

आता ही राहणी बदलते कशी? लंडनमधल्या संशोधकांनी पन्नाशीच्या पुढच्या ३,७२२ जोडप्यांचा अभ्यास २०१५ साली मांडला. सिगारेट ओढणाऱ्या बायकांपैकी किती जणींनी ती सोडली, हे त्यांनी नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या वागण्यावरून पाहिलं. जोडीदार ओढतच राहिला, तिथे ८ टक्के जणींनी सोडली. जोडीदार मुळातच न ओढणारा होता, तिथे १७ टक्के जणींनी. आणि ज्यांच्या जोडीदाराने त्याच काळात स्वतः सिगारेट सोडली, त्यांच्यापैकी ५० टक्के जणींनी सोडली. घरात आदर्श माणूस असणं वेगळं आणि आपल्याबरोबर कुणी त्याच त्रासातून जाणं वेगळं. त्याआधी २००८ मध्ये आठ युरोपीय देशांतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात परिचारिकांनी रुग्णाबरोबर त्याच्या जोडीदारालाही बोलावून आहार आणि हालचाल यांत बदल घडवले. जिथे असं झालं तिथे रुग्णाच्या ताटात भाज्या-फळं वाढली, घट्ट चरबी घटली, चालणं वाढलं. जोडीदाराच्याही राहणीत फरक पडला. आपल्याकडे तर घर म्हणजे नुसतं जोडपं नसतं. आई-वडील, भाऊ-भावजय, मुलं, सुना अशी एका चुलीवर जेवणारी माणसं असतात. युरोपातल्या दोघांना जे लागू पडलं ते एकत्र कुटुंबाला जास्तच लागू पडायला हवं.

स्वयंपाकघरात उभं राहून पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. रोग्याचं वेगळं ताट करायचं ठरतं तेव्हा सकाळी दोन भाज्या होतात: एक तर्रीची आणि एक उकडल्यासारखी. ही दुसरी भाजी करणाऱ्या बाईला ते काम वाढीव होतं, आणि खाणाऱ्याला शेजारच्या ताटातल्या फोडणीचा वास येत राहतो. पंधरा दिवसांत तो म्हणतो, ‘दे चमचाभर त्यातलं.’ याउलट सगळ्यांचीच भाजी कमी तेलाची झाली तर तुलना करायला शेजारी दुसरं ताटच नसतं. तेलाचा हिशेब फोडणीच्या वेळी होत नाही, तो किराण्याच्या वेळी होतो. माणशी महिन्याला अर्धा लिटर असं प्रमाण धरलं तर पाच माणसांच्या घराला अडीच लिटर पुरायला हवं. तेवढंच आणायचं आणि महिना संपेपर्यंत पुढचा डबा फोडायचा नाही, एवढ्या एका नियमाने जे साधतं ते रोजच्या ‘तेल कमी टाक’ने साधत नाही. मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा. तो चमचा आमटीबरोबरच लोणचं, पापड, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी यांतही जातो. हे जिन्नस वर्षाचे किंवा आठवड्याचे एकदम होतात, सगळ्या घरासाठी होतात. ते करतानाच मिठाचा हात आखडला तर फरक पडतो. ताटात वाढून झाल्यावर उपाय उरत नाही.

इथे मराठवाड्याच्या घरांना एक मोठा आधार आहे. ज्वारीची भाकरी थापताना पिठात ना मीठ पडतं ना तेल. गरम पाण्यात मळलेलं पीठ, परातीत फिरणारा तळहात, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात, आणि मग निखाऱ्यावर किंवा गॅसच्या आचेवर फुगलेला पापुद्रा. हृदयरोग्याला सांगावं असं याहून सोपं अन्न शोधून सापडणार नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’ यांसारखे ज्वारीचे वाण दिले आणि करडईचा ‘परभणी कुसुम’ही दिला. करडईच्या तेलात घट्ट चरबी कमी, पामतेलात ती जवळपास निम्मी. तरीही सोयाबीनने ज्वारीची आणि करडईची रानं घेतली, रेशनवर गहू-तांदूळ आला, आणि ज्या भागाने हे अन्न पिकवलं त्याच भागातल्या दुकानांत स्वस्त म्हणून पामतेलाच्या पिशव्या लागल्या. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडची घरंच्या घरं शेतावर जातात, तेव्हा भज्जीत हरभऱ्याचा पाला आणि हिरव्या शेंगांचे दाणे पडतात, ताकातली आंबील असते, उंडे असतात, आणि अख्खा गाव चालत किंवा बैलगाडीने रानात गेलेला असतो. वर्षातला हा एक दिवस पाहिला तर झटक्यानंतर जे खावं आणि जसं हिंडावं असं डॉक्टर सांगतात, त्यातलं बरंचसं आपल्याच सणात आहे. आपल्याला ते वर्षभरात पसरायचं आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: आमचा आजा तूप-लोणी खाऊन, तंबाखू मळून नव्वद वर्षं जगला. तो जगला म्हणूनच तो आठवतो. जे पन्नाशीत छातीत कळ येऊन गेले त्यांच्या मरणाला नाव नव्हतं. ‘बसल्या जागी गेला’ एवढंच म्हटलं गेलं. शिवाय आजाचं तूप रोजचं नव्हतं आणि त्याची औतामागची चाल रोजची होती. आज ट्रॅक्टर आला, दारात मोटारसायकल आली, खाणं मात्र सणासुदीचं रोज झालं. इंटरहार्ट हा ५२ देशांचा अभ्यास २००४ साली आला. त्यातून दिसलं की पहिल्या झटक्याच्या धोक्याचा सुमारे नव्वद टक्के भाग तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, चरबी, पोटाचा घेर, ताण, भाज्या-फळांची उणीव यांसारख्या बदलता येणाऱ्या गोष्टींशी जोडलेला आहे. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतरांना ५९ च्या आसपास. त्रेपन्नाव्या वर्षी घरात लग्नाची मुलगी असते, शेतीचं कर्ज असतं, कॉलेजातला मुलगा असतो. आणि एकाला झटका आला म्हणजे त्याच्या भावंडांना आणि मुलांनाही धोका वाढलेला असतो. घराने बदलायचं ते रोग्यावर उपकार म्हणून नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं त्यात स्वतःचं हित आहे.

‘एकासाठी सगळं घर बदलत नसतं’ असंही म्हटलं जातं. लातूरमध्ये तरी हे म्हणण्याची सोय नाही. मूल अकरावी-बारावीला गेलं की इथलं घर कसं बदलतं ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. टीव्हीची केबल काढली जाते, पाहुण्यांना ‘परीक्षा झाल्यावर या’ सांगितलं जातं, जेवणाच्या वेळा शिकवणीच्या वेळांवर बसवल्या जातात. खेड्यातल्या कितीतरी आया लातूरला, नांदेडला खोली करून दोन-दोन वर्षं मुलाबरोबर राहतात. मागे घर आणि शेत इतर जण सांभाळतात. ‘लातूर पॅटर्न’चं यश वर्गात जेवढं आहे तेवढंच या घरांत आहे. एका माणसाच्या दोन वर्षांसाठी अख्ख्या घराचं वेळापत्रक हलवण्याची ताकद आणि तयारी आपल्यात आहे, हे यातून सिद्धच झालेलं आहे. ती मार्कांसाठी वापरता येते तर जिवासाठीही वापरता यावी.

तंबाखूच्या बाबतीत तर एकट्याचा निश्चय सगळ्यात आधी हरतो. विडी-सिगारेट ओढत नाही म्हणून आपण सुटलो असं कितीतरी जणांना वाटतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, पण तोंडात तंबाखू धरणारे किंवा मिश्री लावणारे २४.४ टक्के. इंटरहार्टच्या आकडेवारीत तंबाखू चघळणाऱ्यांना झटक्याचा धोका दुपटीहून अधिक दिसला. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण साध्या तंबाखूचं आणि चुन्याचं ठाणं पारावर, शेताच्या बांधावर, एसटी स्टँडवर तसंच आहे. तळहातावर तंबाखू घ्यायची, चुना लावायचा, अंगठ्याने मळायची, दोन टाळ्या मारून फक्की उडवायची आणि समोरच्यापुढे हात करायचा. हा हात पुढे करणं हा आपल्याकडे सलोख्याचा रिवाज आहे. नको म्हणणाऱ्याला शिष्ट समजतात. झटका येऊन गेलेल्याने दिवसातून दहा वेळा नको म्हणायचं की त्याच्यापुढे हात करणाऱ्या दहा जणांनी एकेकदा आवरायचं? यातलं दुसरं सोपं आहे आणि तेच होत नाही. झटक्यानंतर धूम्रपान सोडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो असं अनेक अभ्यासांच्या बेरजेतून दिसलं आहे. एवढा गुण देणाऱ्या गोळ्या फार थोड्या आहेत.

घराच्या पथ्याची खरी कसोटी लागते ती रोगी बाई असेल तेव्हा. पुरुषाला झटका आला तर त्याचं पथ्य सांभाळायला बायको असते, सून असते. बाईला आला तर तिचं पथ्य तीच रांधते. बऱ्याचदा आधी ‘पित्त झालं असेल’ म्हणून दिवस जातो. दवाखान्यातून आल्यावर आठ दिवसांत ती चुलीपुढे, आणि महिन्याभरात डोक्यावर घागर. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, अशा मुलखात पाणी भरणं हे किरकोळ काम नसतं. तिने चालायचं म्हटलं तर गावात विचारतात, ‘कुठं निघालात?’ बाई नुसती चालायला निघते हे अजून पुष्कळ ठिकाणी पटत नाही. ती मिश्री लावत असेल तर ती सोडण्याबद्दल तिच्याशी कुणी बोललेलं नसतं, आणि २०१६-१७ च्या त्याच पाहणीत राज्यात तोंडाने तंबाखू घेणाऱ्या बायका १६.६ टक्के निघाल्या. अशा घरात कार्डावरच्या चार ओळी तिच्या हाती देणं म्हणजे तिलाच आणखी चार कामं देणं होय. पाणी कोण भरणार, पहाटे तिच्याबरोबर जाऊबाई चालणार की लेक, रात्रीचा स्वयंपाक मुलगा कोणत्या दिवशी करणार, हे ठरल्याशिवाय तिच्या पथ्याला सुरुवातच होत नाही.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे. घराला पथ्य लावलं की घर पहारेकरी होतं. ‘बसा’, ‘उचलू नका’, ‘जिना चढू नका’, ‘तुम्ही टेन्शन घेऊ नका, आम्ही बघतो’ असं म्हणत म्हणत कर्त्या माणसाच्या हातून बाजार, शेत, पैसा, सगळं काढून घेतलं जातं. हा धोका खरा आहे. एके काळी वैद्यकशास्त्रच असं वागत होतं. झटक्यानंतर आठवडेच्या आठवडे रोग्याला अंथरुणातून हलू देत नसत. १९५२ साली सॅम्युएल लेव्हीन आणि बर्नार्ड लाऊन यांनी रोग्यांना लवकर खुर्चीत बसवून दाखवलं. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला, तेव्हा डॉ. पॉल डडली व्हाइट यांनी त्यांच्या कामावर परतण्याला बळ दिलं, आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले. मॉन्ट्रियलच्या एका अभ्यासात १९९३ साली दिसलं की झटक्यानंतर खोल उदासी आलेले रुग्ण सहा महिन्यांत इतरांपेक्षा किती तरी जास्त प्रमाणात दगावतात. निरुपयोगी झाल्याची भावना छातीला मानवत नाही. आपल्या देशातल्या २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांवर योगावर आधारलेल्या पुनर्वसनाचा प्रयोग झाला; २०२० च्या निष्कर्षांत पुढचे झटके किंवा मृत्यू ठळकपणे घटल्याचं सिद्ध झालं नाही, पण माणसं आपल्या आधीच्या कामांकडे अधिक चांगली परतली आणि त्यांना स्वतःची तब्येत बरी वाटू लागली. हेही थोडकं नाही. म्हणून घराचं पथ्य म्हणजे घराची पाळत नव्हे. बरोबर चालणं आणि पाठीवर नजर ठेवणं यांत फरक आहे, आणि तो ओळखायची खूण सोपी आहे: जो नियम रोग्याला तोच बाकीच्यांना लागू असेल तर ती सोबत, फक्त त्याला लागू असेल तर तो पहारा. डॉक्टरांनी मोकळीक दिली की मे महिन्यात ऊन चढायच्या आत, पावसाळ्यात जमेल तेव्हा, रोज चालायचं. आणि डॉक्टर सांगतील त्या टप्प्याने त्याचं कामही त्याच्याकडे परत जायचं.

शेवटचा आक्षेप गरिबीचा. हातावर पोट असलेल्याने, ऊसतोडीला जाणाऱ्याने कसलं पथ्य पाळायचं? या आक्षेपाला मी उडवून लावू शकत नाही. मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. २०१७ च्या फेब्रुवारीत स्टेंटच्या किमतीला सरकारने चाप लावला आणि औषधी लेप असलेली जाळी तीस हजारांच्या आत आली. यामुळे कितीतरी गरिबांचे प्राण वाचले. पण २०११ साली आलेल्या प्युअर अभ्यासात असं दिसलं, की गरीब देशांत हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या दहापैकी आठ जण त्यासाठीची एकही सिद्ध झालेली गोळी घेत नव्हते. ऑपरेशनच्या दिवशी शासन हजर असतं, त्यानंतरच्या तीन हजार दिवसांत नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या नियमित मिळणं आणि आशाताईने घरी जाऊन चुलीपाशी बसून बोलणं हे शासनाचं काम आहे. घराने पथ्य धरावं म्हणताना शासनाला त्यातून मोकळं करता येणार नाही. मात्र बाहेरून आलेली योजना घरात मुरावी लागते, हेही या भागाने पाहिलेलं आहे. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गावंच्या गावं नव्या जागी सरळ रस्त्यांच्या आखणीवर वसवली गेली. भिंती मजबूत होत्या, पण लोकांनी पुढच्या वर्षांत आपल्या गरजेप्रमाणे पडव्या काढल्या, जागा फिरवून घेतल्या, तेव्हा कुठे ती घरं राहती झाली. आहाराचा छापील तक्ताही तसाच ज्याच्या त्याच्या घरात बसवून घ्यावा लागतो. ओट्सच्या जागी भाकरी, ऑलिव्हच्या जागी मोजून करडई, जिमच्या जागी शेताची वाट.

मग करायचं काय? दवाखान्यातून सुटी मिळण्याच्या दिवशी डॉक्टरांपुढे रोग्याबरोबर आणखी दोघं बसलेली असावीत: घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती आणि बाजार करणारी व्यक्ती. गोळी कोणती कशासाठी हे दोघांनी समजून घ्यावं. पुन्हा छातीत भरून आलं, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला तर वाट न पाहता १०८ ला फोन करायचा, हे लहान मुलांसकट सगळ्यांना पाठ असावं. पहिल्या महिन्यात घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. तेलाचं माप ठरावं, तंबाखूची पुडी उंबऱ्याबाहेर राहावी, आणि चालायला एकाऐवजी तिघं निघावीत. यातल्या कशालाच फार पैसे लागत नाहीत. लागतो तो घराचा एकमुखी निर्णय. झटका एकाला येऊन घराला इशारा देऊन जातो. तो इशारा एकट्या रोग्याच्या गळ्यात बांधून बाकीचे मोकळे राहिले, तर पुढचा झटका त्याच घरात दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहत असतो.